जुनी गाडी बघायला जाताना

विकणाऱ्याला आधीच बजावा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. थंड असताना स्टार्ट करून सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जळतंय, तिथूनच परत फिरा. मीटरवर ४०,००० किलोमीटर आणि क्लच पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत? मग तो आकडा फिरवलेला असू शकतो. टायरच्या कडेवरच्या तारीख-कोडचे चार अंकही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर जुने निघाले तर नव्यांचा खर्च किमतीतून कापून मागा, लाजू नका. रोजचं अंतर थोडं असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. छोट्या फेऱ्यांत नव्या डिझेल गाड्यांचा धुराचा फिल्टर तुंबतो. लहान पेट्रोल इंजिन बरं. रंग काय, कुठलाही चालतो.