ऑनलाइन आर्बिट्रेशन करताय? निवाडा पुढे टिकेल अशी सोय आधीच करा

आर्बिट्रेशन म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडून (आर्बिट्रेटरकडून) तंटा सोडवून घेणं, आणि निवाडा म्हणजे त्यांचा निकाल. आता बघा, दोन पार्ट्या दोन देशातल्या, करार ईमेलवर झालेला, सह्या डिजिटल, आणि निवाडा दुसऱ्या देशात वसूल करायला मात्र आधार 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनचा (परदेशातले निवाडे मान्य करून अमलात आणायचा आंतरराष्ट्रीय करार), ज्यात लेखी करार म्हणजे सही केलेला कागद नाहीतर एकमेकांना पाठवलेली पत्रं आणि तारा. त्यात लगेच घाबरायचं काही नाही, कारण 2006 मधे अनसिट्रालने (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार कायदा आयोग) शिफारस केली की ही यादी एवढ्यावरच संपते असं धरू नका, आणि त्याच वर्षी आपल्या मॉडेल लॉच्या (देशांनी आपला कायदा करताना वापरायचा नमुना) कलम 7 मधे इलेक्ट्रॉनिक मेसेजलाही जागा दिली. पण ही दुरुस्ती सगळ्याच देशांनी घेतलेली नाही ना! म्हणून आर्बिट्रेशनचा क्लॉज कुठल्यातरी लिंकमागे ठेवू नका, करारातच टाका आणि समोरच्याचं होकाराचं ईमेल मूळ फाइलसकट जपा, स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

क्लॉजमधे सीट, म्हणजे आर्बिट्रेशन कायद्याने कुठलं धरायचं ती जागा, लिहाच. तिघं आर्बिट्रेटर तीन देशात बसून झूमवर हिअरिंग घेणार असतील तरी निवाडा रद्द करायचा अर्ज कुठल्या कोर्टात जाणार ते सीटवरूनच ठरतं.

आता हिअरिंग, खरी मेख इथेच आहे. आयसीसीच्या (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) 2021 च्या नियमात कलम 26 प्रमाणे ट्रिब्युनल, म्हणजे आर्बिट्रेटरांचं मंडळ, पार्ट्यांशी बोलून ऑनलाइन हिअरिंग ठरवू शकतं, आणि ऑस्ट्रियाच्या सुप्रीम कोर्टाने 2020 मधे एका पार्टीचा विरोध असतानाही ते चालतं असं म्हटलं. तरी हरलेला माणूस कन्व्हेन्शनचं कलम 5 काढणारच, मला बाजू नीट मांडताच आली नाही म्हणून. त्यामुळे पहिल्याच प्रोसिजरल ऑर्डरमधे (कामकाज कसं चालवायचं याचा ट्रिब्युनलचा आदेश) बारीकसारीक लिहून घ्या: साक्षीदाराने कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवायची, टेबलावर फक्त ठरलेले कागद, नेट गेलं तर साक्ष तिथेच थांबवायची, आणि कुणालाही रात्री 2 वाजता उलटतपासणीला बसवायचं नाही. हे मला तरी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कागदपत्रं ईमेलवर फिरवू नका. 2015 मधे दक्षिण चीन समुद्रावरच्या फिलिपिन्स-चीन प्रकरणाची सुनावणी चालू असताना पर्मनंट कोर्ट ऑफ आर्बिट्रेशनची वेबसाइटच हॅक झाली होती, म्हणून पासवर्ड आणि टू-फॅक्टर असलेली एकच जागा ठरवा.

शेवटी निवाड्यावरची सही. एलसीआयएचे (लंडन कोर्ट ऑफ इंटरनॅशनल आर्बिट्रेशन) 2020 चे नियम इलेक्ट्रॉनिक सही चालवतात, पण कन्व्हेन्शनचं कलम 4 मूळ निवाडा नाहीतर प्रमाणित प्रत मागतं, म्हणून पैसे ज्या देशातून वसूल करायचेत तिथल्या वकिलाला आधीच विचारा, आणि शंका असेल तर पेनाने सही केलेल्या प्रतीही करून घ्या.