सिम्युलेशनमध्ये सगळं ओके आणि मशीनवर ठोकलं? टूल-होल्डर मॉडेल करताना या चुका टाळा

सीएनसी प्रोग्रॅमच्या सिम्युलेशनमध्ये एकही कलिजन (टक्कर) नाही, प्रोग्रॅम बिनधास्त मशीनवर टाकला, आणि तिसऱ्याच पॉकेटमध्ये टूल आवळणारा कॉलेटचा नट जॉबच्या वरच्या फेसवर जाऊन बसला. हे माझ्याच हातून झालंय. अर्धा तास सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि मग कळलं की होल्डरचं (स्पिंडलमध्ये टूल धरणाऱ्या भागाचं) मॉडेल काढताना मी त्यात नट काढलाच नव्हता, नुसती बॉडी होती, आता जे काढलंच नाही ते धडकणार कसं.

नटाचं गणित बघा. ईआर३२ साइजच्या कॉलेटचा नेहमीचा नट ५० मिमी व्यासाचा असतो. त्यात १० मिमीचा एंडमिल (बाजूनेही कापणारा कटर) लावून भिंत फिनिश करताय, तर टूलची कड भिंतीला लागते तेव्हा नटाची कड भिंतीच्या २० मिमी आत गेलेली असते. पॉकेट ४५ खोल आणि टूल बाहेर ४० च असेल तर संपलंच. आणि स्टिकआउट, म्हणजे टूल होल्डरच्या बाहेर किती निघतो ते, मॉडेलमध्ये ५० धरायचा पण मशीनवर टूल लावणाऱ्या सेटरला सांगायचाच नाही, हाही प्रकार सर्रास चालतो, तो आपला कमीत कमी बाहेर ठेवून टूल आवळतो आणि त्याच्या जागी तो बरोबरच असतो. स्टिकआउट सेटअप शीटवर लिहा, लायब्ररीत टूलच्या नावातच टाकून ठेवला तर अजून बरं.

आता सगळ्यात महागातली चूक, गेज लाइन. बीटी४० (होल्डरचा एक स्टँडर्ड टेपर) मध्ये टेपरचा व्यास जिथे ४४.४५ मिमी भरतो ती गेज लाइन, टूलची लांबी तिथून मोजायची. फ्लँजचा (टेपरखालच्या रुंद कड्याचा) खालचा फेस तिथून २७ मिमी खाली असतो. होल्डरच्या नावात शेवटी १०० लिहिलंय म्हणून कोणी ते फ्लँजच्या खालून १०० धरलं तर मॉडेल २७ मिमी लांब होतं. प्रोग्रॅम चालतो टूलच्या टोकावर, त्यामुळे कटिंग अगदी बरोबर दिसतं, फक्त सिम्युलेशनमध्ये स्पिंडल २७ मिमी वर राहतो आणि खऱ्या मशीनवर तेवढाच खाली येऊन क्लॅम्पवर बसतो, नाहीतर झेड ओव्हरट्रॅव्हल (अक्षाची हद्द ओलांडल्याचा अलार्म) येतो. कॅटलॉगच्या चित्रात मापाचा बाण कुठून कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, नाव वाचून मॉडेल करू नका. एचएसके या दुसऱ्या प्रकारच्या होल्डरमध्ये तर गेज लाइन फ्लँजच्या स्पिंडलला टेकणाऱ्या फेसवरच असते, बीटीची सवय तिथे चालत नाही.

फ्ल्यूट लेंग्थच्या (धारेच्या लांबीच्या) जागी पूर्ण लांबी टाकणं हे आळसाचं काम. १० चा सॉलिड कार्बाइड एंडमिल ७२ लांब असतो पण त्याची धार साधारण २२ च. सगळंच कटर म्हणून दिलं की शँकसुद्धा (धारेवरचा साधा दांडा) मटेरियल कापत सुटतो आणि सॉफ्टवेअर गप्प बसतं. कटर, शँक, होल्डर वेगवेगळे द्या.

ड्रिलचं टोक सपाट काढू नका. ११८ डिग्रीच्या टोकाची उंची व्यासाच्या साधारण ०.३ पट, म्हणजे २० च्या ड्रिलला ६ मिमी. सपाट मॉडेलने होल आरपार गेलेलं दिसतं आणि जॉब उलटा केला की खाली कोन तसाच उरलेला.

कंपनीच्या साइटवरून होल्डरची स्टेप फाइल (३डी मॉडेल) उतरवली आणि तशीच टाकली, तर तिच्यात पुल स्टडचे (होल्डर वर ओढून धरणाऱ्या खुंटीचे) आटे, नटाच्या खाचा, कोरलेला लोगो सगळं येतं आणि सिम्युलेशन रांगायला लागतं. मी तर सरळ अर्धा प्रोफाइल काढून रिव्हॉल्व्ह करतो, म्हणजे सेंटर लाइनभोवती फिरवून सॉलिड बनवतो, खाचांचा बाहेरचा व्यास धरला की झालं. अँगल हेडला (टूल आडवं किंवा तिरकं धरणाऱ्या होल्डरला) मात्र हे चालणार नाही, तो गोल नसतो, तिथे खरा सॉलिडच लागतो.

आता नेहमीच्या तक्रारी. रिव्हॉल्व्ह होत नसेल तर प्रोफाइलची एखादी रेघ सेंटर लाइन ओलांडून गेली असेल नाहीतर कोपऱ्यात बारीक गॅप असेल, झूम करून शोधा. होल्डर मुंगीएवढा दिसतोय? एसटीएल फाइलमध्ये युनिट नसतं, इंचाची फाइल मिमी समजून उघडली गेली, २५.४ ने मोठी करा. टूल आडवं पडलं तर मॉडेल फिरवून टूलचा अक्ष झेडच्या दिशेत आणा. आणि प्रत्येक कटला होल्डर लाल होत असेल तर कलिजन चेक बंद करू नका बाबांनो, टूल मागवा आणि व्हर्नियर लावा, बहुतेक वेळा स्टिकआउट चुकीचा टाकलेला असतो, आणि कधी कधी तो लाल रंग खराच असतो.