टेलिफोनच्या तारेची वेगमर्यादा कशी काढावी

नाशिकमध्ये पंचवटीतील वाड्यात किंवा सिडकोतील घरात तांब्याची टेलिफोन जोडणी असेल, तर तिच्यावरून माहिती कमाल किती वेगाने जाऊ शकते हे नवा मोडेम घेण्यापूर्वी कागदावर काढून पाहावे. अमेरिकन गणितज्ञ व अभियंता क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की ही मर्यादा वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी आणि संकेत व गोंगाट (संकेतात मिसळणारा नको असलेला विद्युत अडथळा) यांच्या शक्तीचे गुणोत्तर यांवर ठरते.

गोंगाट बराच क्षीण असेल तर हिशेब सोपा आहे: पट्ट्याची हर्ट्झमधील रुंदी त्या गुणोत्तराच्या डेसिबलमधील (गुणोत्तर मोजण्याचे लॉगरिदमी एकक) आकड्याने गुणावी आणि ३.०१ ने भागावे. टेलिफोनवरील बोलण्याच्या आवाजाचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे ३१०० हर्ट्झ रुंद असतो; गुणोत्तर ३५ डेसिबल धरल्यास उत्तर सेकंदाला सुमारे ३६,००० बिट येते. या मर्यादेच्या इतक्या जवळ पोहोचलेला ३३.६ किलोबिटचा मोडेम हे अभियांत्रिकीचे थक्क करणारे यश होते. पुढच्या ५६ किलोबिटच्या मोडेमनेही नियम मोडला नाही. सेवादात्याची बाजू थेट डिजिटल असल्याने, घराकडे येणाऱ्या दिशेने, अ‍ॅनालॉग संकेताच्या डिजिटल रूपांतरातून उपजणारा गोंगाट तेवढा टळला.

एडीएसएल ही टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड इंटरनेट देणारी पद्धत हीच तार सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत वापरते. उंच वारंवारता अंतराबरोबर लवकर क्षीण होत असल्याने तेथे ४३१२.५ हर्ट्झच्या प्रत्येक उपपट्ट्याचा हिशेब वेगळा करून बेरीज घ्यावी, आणि एक्स्चेंजपासूनचे अंतर रस्त्याने नव्हे, तर केबलच्या मार्गाने धरावे. मोडेम दाखवतो ते ‘एसएनआर मार्जिन’ या सूत्रात घालू नये. ते गुणोत्तर नसून जोडणी टिकावी म्हणून राखलेली जादा सवलत असते.