कारागृहातील स्त्रीशी पहिली भेट: पूर्वीच्या छळाविषयी कसे विचारावे

भायखळा किंवा येरवड्याच्या महिला कारागृहात विधी स्वयंसेवक (कैद्यांना कायदेशीर मदत मिळवून देणारा स्वयंसेवक) म्हणून प्रथमच जाणाऱ्याने पहिल्या भेटीत 'गुन्हा काय केला' असे विचारू नये. अटकेपासून पोलिसांनी, वकिलांनी आणि बराकीतल्या बायकांनीही तेच विचारलेले असते, त्यामुळे पाठ झालेले उत्तर मिळते आणि बोलणे तिथेच खुंटते. मुले कोणाकडे आहेत, घरच्यांशी शेवटची मुलाखत (भेट) कधी झाली, रात्री झोप लागते का, येथून सुरुवात करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते; त्याहून मोठे मूल कधी कधी तिला मारहाण करणाऱ्याच्याच घरी असते, आणि मग मुलाच्या चौकशीतूनच छळाची हकीकत निघते.

'नवऱ्याने मारले का?' यापेक्षा 'घरात कोणाची भीती वाटायची का?' हा प्रश्न बरा. विचारून गप्प राहावे. ती पदराच्या टोकाशी चाळा करीत बराच वेळ बसली, तरी दुसरा प्रश्न पुढे सारू नये. महिला शिपाई ऐकू येईल इतक्या जवळ उभी असेल, तर हा विषय त्या दिवशी काढूच नये.

कडीचा आवाज होताच दचकणे, झडतीच्या वेळी अंग आखडणे, जेवण तसेच ठेवून देणे यांना आत सहज 'नाटक' म्हणतात; प्रत्यक्षात जिच्यावर पूर्वी अत्याचार झाला आहे, तिला झडतीत तोच प्रसंग पुन्हा भोगावा लागल्यासारखे वाटू शकते. अशी लक्षणे, निदान न लिहिता, तिच्या संमतीने वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावीत आणि पोच घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक उपचारांचे मूलभूत प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे, याचा अर्जात उल्लेख करावा.

जिवाचे बरेवाईट करण्याविषयी ती बोलली, तर ते गुपित राखता येणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवावे आणि त्याच दिवशी अधिकाऱ्यांना कळवावे.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. छळाची हकीकत जामिनाच्या अर्जात घालायची की नाही, हे मात्र तिनेच वकिलांशी बोलून ठरवावे. आपण परस्पर सांगू नये. जामीन मिळेल असा शब्दही देऊ नये.

सुटकेची तयारी आधीपासून करावी, कारण आदेश संध्याकाळी आला की कागद राहून जातात. औषधांची चिठ्ठी, काही दिवसांच्या गोळ्या आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या पिशवीत असावा. आणि ती कोणाच्या घरी जाणार आहे, हे तिच्याकडूनच विचारून घ्यावे.