बाईक विकताय? नाव बदलेपर्यंत पाठ सोडू नका

माझी जुनी बाईक ऐरोलीच्या एकाने घेतली. ‘नाव लावून घेतो’ म्हणाला, आणि पुढे आठ महिने पाम बीच रोडची ई-चलानं माझ्याच मोबाईलवर येत राहिली. म्हणून कळकळीने सांगते, आरटीओच्या मालकी बदलाच्या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 वर, व्यवहाराच्या दिवशीच सह्या करा, पण कोऱ्या फॉर्मवर कधीच नाही. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख आधी भरलेली हवी. फॉर्मसाठी चॅसिस नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यायचा असतो. तिथलं ग्रीस आधी पुसा, नाहीतर आकडे नीट उमटत नाहीत.

कर्ज फिटलं तरी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा राहतो. फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा फॉर्म) आणि बँकेची एनओसी देऊन तो आधी उतरवा.

विक्री आरटीओला 14 दिवसांत कळवणं हे विकणाऱ्याचंही काम आहे. हे हलक्यात घेऊ नका: नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून खरेदीदाराची सही घ्या, आणि त्याच्या नावाच्या आरसीचा फोटो येईपर्यंत फोन करत राहा.