संख्यांचे प्रकार आणि असमानता: या चुका टाळा

असमानतेचं, म्हणजे <, >, ≤ किंवा ≥ चिन्ह असलेलं गणित चुकलं की ‘चिन्ह उलटायचं राहिलं’ असं म्हणून दुरुस्ती केली जाते, आणि दोन गणितांनंतर तीच चूक पुन्हा होते. कारण खरी गडबड बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते. समोरची संख्या धन आहे की ऋण, ती शून्य असू शकते का, पूर्णांकच हवा की अपूर्णांकही चालेल, हे कुणी विचारलेलंच नसतं. असमानतेचा जवळजवळ प्रत्येक नियम या प्रश्नांवर उभा आहे. म्हणून आधी संख्यांकडे बघू.

दिसण्यावरून प्रकार ठरवू नका

वर्गमूळाचं चिन्ह दिसलं की अपरिमेय (दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता न येणारी), अपूर्णांकाची रेघ दिसली की ‘पूर्णांक नाही’, असा शिक्का मारायची घाई होते. आधी किंमत काढा, मग प्रकार सांगा. √९ म्हणजे ३, ही साधी नैसर्गिक संख्या. −६/३ म्हणजे −२, हा पूर्णांक. √२ मात्र कितीही सोपं रूप द्यायचा प्रयत्न केला तरी अपरिमेयच राहतं.

इथेच एक जुनी चूक भेटते: √९ = ±३ असं लिहिणं. √ हे चिन्ह फक्त ऋण नसलेलं वर्गमूळ दाखवतं, म्हणून √९ = ३, बस. क्ष² = ९ या समीकरणाची उत्तरं मात्र ३ आणि −३ अशी दोन आहेत. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की पुढे वर्ग असलेल्या असमानतेत हमखास घोळ होतो.

‘५ ही संख्या पूर्णांक की परिमेय?’ असा प्रश्न आला तर उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. हे प्रकार एकमेकांच्या पोटात बसतात. प्रत्येक नैसर्गिक संख्या पूर्ण संख्या असते, प्रत्येक पूर्ण संख्या पूर्णांक, प्रत्येक पूर्णांक परिमेय आणि प्रत्येक परिमेय संख्या वास्तव, म्हणजे संख्यारेषेवर दाखवता येणारी. उलट दिशेनं मात्र हे खरं नाही. पूर्ण संख्या आणि पूर्णांक यांतला फरकही पक्का करून ठेवा: पूर्ण संख्या ०, १, २, ३ अशा पुढे जातात, पूर्णांकांत त्यांच्या जोडीला −१, −२, −३ हेही येतात. शून्याबद्दल शालेय पद्धत अशी की नैसर्गिक संख्या १ पासून मोजायच्या. काही पुस्तकं मात्र ० लाही नैसर्गिक धरतात, तेव्हा हातातल्या पुस्तकाची व्याख्या पाहूनच उत्तर लिहा.

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून प्रकार ठरवणं तर फारच धोक्याचं. १ ला १७ नं भागून पाहा. पडद्यावर ०.०५८८२३५२९४ असं काहीतरी दिसेल. परिमेय संख्येचं दशांश रूप एकतर संपतं किंवा त्यात अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो. इथे कुठेही आवर्तन नाही, म्हणून कुणीही म्हणेल की ही संख्या अपरिमेय. प्रत्यक्षात तिचा आवर्ती गट १६ अंकांचा आहे, ०५८८२३५२९४११७६४७, आणि त्यानंतर तोच गट पुन्हा सुरू होतो. पडदा तिथवर पोचतच नाही. याच्या अगदी उलट ०.१०१००१०००१… ही संख्या पाहा. दर वेळी एक शून्य वाढतं, म्हणजे तिच्यात शिस्त आहे, पण ठरावीक गटाचं आवर्तन नाही. म्हणून ती अपरिमेय. दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता येते का (छेद शून्य नको), हीच परिमेय असण्याची खरी कसोटी.

π = २२/७ असं लिहिणंही याच जातीतलं. २२/७ परिमेय आहे, π अपरिमेय. दोन्ही समान असूच शकत नाहीत. आर्किमिडीजनं π ही २२३/७१ पेक्षा मोठी आणि २२/७ पेक्षा लहान असल्याचं दाखवलं होतं, म्हणजे त्यानं π ला असमानतेतच पकडलं होतं. π अपरिमेय असल्याची सिद्धता त्यानंतर कित्येक शतकांनी, १८ व्या शतकात, लॅम्बर्टनं दिली. आकडेमोडीत २२/७ जरूर वापरा, फक्त ‘बरोबर’ ऐवजी ‘सुमारे’चं चिन्ह ≈ लिहा.

आणखी एक छोटीशी पण फार महागात पडणारी समजूत: ‘−क्ष ही ऋण संख्या आहे.’ क्ष = −४ असेल तर −क्ष = ४. अक्षरापुढचं वजा चिन्ह फक्त विरुद्ध संख्या सांगतं. ती धन की ऋण, हे क्ष कळल्याशिवाय सांगता येत नाही. पुढचं सगळं समजायला हे वाक्य मनात पक्कं असायला हवं.

चिन्ह कधी उलटतं, कधी नाही

२ < ५ हे खरं. दोन्ही बाजूंना −१ नं गुणलं की −२ आणि −५ मिळतात, आणि संख्यारेषेवर −२ उजवीकडे आहे. म्हणून −२ > −५. चिन्ह उलटण्याचं कारण एवढंच आहे: ऋण संख्येनं गुणलं की संख्यारेषा शून्याभोवती पलटते.

आता हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवा.

५ − ३क्ष ≥ १७
−३क्ष ≥ १२
क्ष ≤ −४

३क्ष ≥ −१२
क्ष ≥ −४

पहिल्यात −३ नं भागलं, म्हणून चिन्ह उलटलं. ५ वजा करताना ते उलटलं नाही, कारण बेरीज-वजाबाकीत संख्यारेषा फक्त सरकते. दुसऱ्यात वजा चिन्ह दिसतं खरं, पण ते −१२ ला आहे. आपण भागलं ३ नं, म्हणजे धन संख्येनं. ज्या संख्येनं भागता तिचं चिन्ह पाहा, जिला भागता तिचं नव्हे. माझ्या मते असमानतेतली ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि ‘वजा दिसलं की उलटवा’ हे पाठांतर तिचं मूळ आहे. पाठांतरावर भरवसा नसेल तर क्ष ची पदं अशा बाजूला न्या की सहगुणक (क्ष ला गुणणारी संख्या) धन राहील. ५ − १७ ≥ ३क्ष, म्हणजे −१२ ≥ ३क्ष, म्हणजे −४ ≥ क्ष. उत्तर तेच, आणि उलटवायचा प्रश्नच आला नाही.

अक्षरानं गुणू किंवा भागू नका

६/क्ष > २ सोडवायचं आहे. दोन्ही बाजूंना क्ष नं गुणलं, ६ > २क्ष, म्हणून क्ष < ३. ओळ न ओळ बरोबर वाटते. पण क्ष = −१ घालून पाहा: −६ > २? साफ खोटं. आपण क्ष धन आहे असं न सांगता गृहीत धरलं, तिथे गाडी घसरली.

मार्ग दोन आहेत. पहिला: क्ष धन असेल तर क्ष < ३, म्हणून ० < क्ष < ३. क्ष ऋण असेल तर डावी बाजू ऋण होते आणि ती २ पेक्षा मोठी असणं शक्यच नाही. क्ष = ० ला तर छेदच शून्य होतो. म्हणून उत्तर ० < क्ष < ३. दुसरा मार्ग, सगळं एका बाजूला आणायचं: (६ − २क्ष)/क्ष > ०. अंश शून्य होतो ३ ला, छेद शून्य होतो ० ला. या दोन बिंदूंनी संख्यारेषेचे तीन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यातली एकेक संख्या तपासायची. पदावली अवघड असेल तेव्हा हाच मार्ग खात्रीचा.

क्ष² > ९ वरून क्ष > ३ लिहिणाऱ्यांची −४ सुटते, कारण (−४)² = १६. बरोबर उत्तर: क्ष > ३ किंवा क्ष < −३. हे उत्तर एकत्र करून ३ < क्ष < −३ असं लिहू नका. त्याचा अर्थ ३ ही −३ पेक्षा लहान असा होतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात अशी ‘आणि’ची असमानताच एका ओळीत जोडता येते, जसं क्ष² < ९ साठी −३ < क्ष < ३. दोन्ही बाजूंचा वर्ग करतानाही हीच काळजी: −५ < ३ खरं आहे, पण २५ < ९ नाही.

केवलमूल्याचं (|क्ष|, म्हणजे क्ष चं शून्यापासूनचं अंतर, जे कधीच ऋण नसतं) गणित असेल तर सोडवण्याआधी उजवी बाजू पाहा. |क्ष| < −१ ला उत्तरच नाही आणि |क्ष| > −१ ला प्रत्येक वास्तव संख्या उत्तर आहे. दोन्हींत आकडेमोड शून्य.

शाब्दिक उदाहरणं आणि शेवटची ओळ

‘कमीत कमी ५’ वाचून ≤ ५ लिहिलं जातं, कारण ‘कमी’ हा शब्द डोळ्यांत भरतो. कमीत कमी ५ म्हणजे ५ किंवा त्याहून जास्त, ≥ ५. तसंच ‘जास्तीत जास्त ५’ म्हणजे ≤ ५. शंका आली तर ६ चालेल का, असं स्वतःला विचारा.

२क्ष < ७ वरून क्ष < ३.५ आलं, पण गणित अजून संपलेलं नाही. क्ष नैसर्गिक असेल तर उत्तर १, २, ३. पूर्ण संख्या असेल तर ० धरून चार. पूर्णांक असेल तर ३, २, १, ०, −१… अशी न संपणारी यादी. वास्तव असेल तर ३.५ च्या डावीकडची अख्खी रेषा, आणि ३.५ वर पोकळ वर्तुळ, कारण ३.५ स्वतः उत्तरात नाही. पूर्णांकच चालत असेल तर जवळच्या संख्येला पूर्ण करण्याचा नेहमीचा नियम बाजूला ठेवा. एका पेटीत १२ वस्तू मावतात, १०४ वस्तूंना पेट्या किती? क्ष ≥ ८.६६…, म्हणून ९. १०४ सेंटीमीटर फितीतून १२ सेंटीमीटरचे तुकडे किती? क्ष ≤ ८.६६…, म्हणून ८. भागाकार तोच, उत्तर वेगळं.

तपासणीसाठी तीन संख्या पुरतात: सीमेवरची एक, तिच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक. ५ − ३क्ष ≥ १७ मध्ये −४ घातलं तर १७ ≥ १७, खरं, म्हणून भरीव वर्तुळ. −५ ला २० ≥ १७, खरं. ० ला ५ ≥ १७, खोटं. उत्तरात सीमा एकापेक्षा जास्त असतील, तर प्रत्येक तुकड्यातली एक संख्या आणि प्रत्येक सीमा तपासा. ती मूळ ओळीतच घाला, मधल्या ओळीत नको, कारण चूक मधल्या ओळीत असेल तर तिथली तपासणी तीच चूक खरी ठरवते.