नाग नदीच्या काठाने पायी आणि सायकलने फिरायचं असेल तर

नागपूरला नाव देणारी नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावात येते आणि तिथून शहराच्या मधोमध वाहत जाते. तिच्या काठाने फिरायचं तर सुरुवात अंबाझरीकडूनच करा. शहरात शिरल्यावर तिच्यात सांडपाणी मिसळतं, काठाची वाटही सलग राहत नाही, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. वरच्या बाजूला मात्र पाणी, गवताळ माळ आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी अजून भेटतात. अंबाझरी जैवविविधता उद्यानात पायी फिरता येतं, सायकलनेही. उघडण्याची वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उजाडताच निघा आणि आठच्या आत सावलीत या. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा.

सायकल निघण्याआधी तपासा. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. बाभळीचे काटे आणि गोखरू इथे पंक्चर करतातच, म्हणून जादा ट्यूब आणि छोटा पंप जवळ हवा. चढ लागण्याआधीच गिअर हलका करा, चढावर साखळीला झटका बसतो.

वाटेवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. मागून येताना लांबूनच घंटी द्या, वेग कमी करा आणि उजवीकडून पुढे जा. आजी-आजोबा किंवा लहान मूल दिसलं तर सरळ उतरून चाला. पायी फिरणाऱ्यांनीही चौघं-चौघं आडवे चालू नये, दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत.

पावसाळ्याचं मात्र नीट लक्षात ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. लोक झोपेत होते. म्हणून वरच्या बाजूला ढग दाटले असतील, तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी काठावर उतरू नका. पाणी गढूळ झालं, काड्या-कचरा वाहून येऊ लागला की लगेच उंचावर जा. वेगाचं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय उचलतं. वाटेवर पाणी चढलेलं दिसलं तर सायकल हातात धरूनही त्यातून जाऊ नका. आल्या वाटेने परत फिरा.